उत्तरेचा हिवाळा आणि उतरलेलं मन: उजेडाची तजवीज कशी करायची

मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा जवळपास ११ तासांचा असतो. २१-२२ डिसेंबरच्या त्याच तारखेला टोरांटोत दिवस ९ तासांना थोडा कमी, लंडनला ७ तास ५० मिनिटं, एडिंबराला सुमारे ७ तास आणि स्टॉकहोमला जेमतेम ६ तास. त्यातही आभाळ ढगांनी भरलेलं. शिकायला किंवा नोकरीला नव्याने तिकडे गेलेला माणूस थंडीची तयारी करून जातो. आई लोकरीच्या टोप्या देते, मित्र थर्मलची यादी पाठवतात. उजेडाची तयारी कोणी सांगत नाही. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर मन खाली बसायला लागतं ते थंडीने नाही, उजेड कमी पडल्याने.

हा लेख त्या तयारीचा आहे. यातली मुख्य गोष्ट एकच: सकाळचा उजेड हे औषध, बाकी सगळं अनुपान. व्यायाम, आहार, झोप, माणसं यांचा उपयोग आहेच, पण सकाळच्या उजेडाशिवाय नुसत्या अनुपानावर निभावणं कठीण जातं.

आधी ओळख पटवा

हिवाळी नैराश्याचं रूप नेहमीच्या नैराश्यापेक्षा थोडं उलटं असतं. नेहमीच्या नैराश्यात बहुतेकदा झोप उडते, भूक मरते. इथे झोप वाढते: १० तास झोपूनही अंग जड, हातापायांत शिसं भरल्यासारखं. भात, ब्रेड, गोडधोड यांची ओढ वाढते आणि वजन चढतं. लोकांचे फोन टाळावेसे वाटतात, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. हे सारं ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये आपोआप ओसरतं. सलग दोन वर्षं असं घडलं तरच डॉक्टर त्याला ऋतूशी जोडतात, त्यामुळे पहिल्याच हिवाळ्यात नाव देण्याची घाई करू नका. घरची आठवण, नवं शहर, परीक्षा यांचाही त्यात वाटा असतो. उपाय मात्र पहिल्या हिवाळ्यापासून करता येतात.

या विकाराचं पहिलं सविस्तर वर्णन १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या उन्हातून न्यूयॉर्कला आलेले होते, म्हणजे आपल्यासारखेच नवखे. तेव्हा घरून फोनवर कोणी ‘आळस झटक जरा’ म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर लागतं. सकाळी उजेड मिळाला नाही की ते मागे पडतं, रात्रीचं मेलाटोनिन (अंधारात तयार होणारं, झोप आणणारं संप्रेरक) सकाळपर्यंत रेंगाळतं आणि ऑफिसात बसलेल्या माणसाचं शरीर अजून पहाटेतच असतं.

सप्टेंबरमध्ये करायची दोन कामं

पहिलं काम रक्ततपासणी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. यांतल्या कोणत्याही एकाच्या गडबडीतून हुबेहूब असाच थकवा येतो, आणि पिढीजात शाकाहारी घरांतल्या लोकांत बी-१२ कमी असणं फार सामान्य आहे. भारतातून निघायच्या आधीच तपासणी करून घेतली तर उत्तम. तिकडे डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे लागू शकतात.

दुसरं काम नोंदीचं. एका वहीत रोज तीनच आकडे: किती वाजता उठलो, एकूण किती तास झोपलो, मन ० ते १० मध्ये कुठे. दिवसाला अर्धं मिनिट लागतं. मरगळ सावकाश चढते, त्यामुळे आतल्या माणसाला ती कळत नाही. वहीत मात्र ७ चा ५ आणि ५ चा ४ झालेला दिसतो. पुढे सकाळच्या उजेडासाठी जो दिवा वापरायचा आहे तो लागू पडतोय की नाही हेही त्याच वहीवरून ठरेल.

दिवा: कोणता, कुठे, किती वेळ

सकाळचा उजेड घरात देणाऱ्या या दिव्याला लाइट बॉक्स किंवा सॅड लॅम्प म्हणतात (‘सॅड’ हे हिवाळी नैराश्याचं इंग्रजी लघुनाम). लक्स हे उजेड मोजायचं एकक. चांगल्या उजळलेल्या ऑफिसात ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, घरात बहुधा त्याहून कमी. मेंदूच्या घड्याळाला तो जवळजवळ अंधारच. दिव्याचं ठरलेलं माप आहे १०,००० लक्स, रोज सकाळी ३० मिनिटं. दिवा मंद असेल तर वेळ वाढतो: ५,००० लक्सला १ तास, २,५०० लक्सला २ तास. नोकरीच्या सकाळी दोन तास कोणाकडे असतात? म्हणून १०,००० चाच घ्या.

खरेदीत फसगत होते ती अंतराच्या आकड्यात. खोक्यावर ठळक अक्षरात ‘१०,००० लक्स’ असतं आणि खाली बारीक अक्षरात ते किती अंतरावर मिळतात ते. टॅब्लेटएवढे छोटे, स्वस्त दिवे हा आकडा १० ते १५ सेंटिमीटरवर देतात. इतक्या जवळ नाक लावून कोणी अर्धा तास बसत नाही. माणूस मागे सरकतो आणि लक्स झपाट्याने घसरतात. मग ‘महिना झाला, काही फरक नाही’ अशी तक्रार होते. ४० ते ६० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण हाताच्या अंतरावर १०,००० लक्स देणारा मोठ्या पृष्ठभागाचा दिवा बघा. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या आसपासचा बरा. उजेड पांढरा आणि पडद्यामागून पसरून येणारा हवा, अतिनील किरण गाळलेले हवेत. निव्वळ निळ्या उजेडाच्या मागे लागायचं कारण नाही. आणि टॅनिंगचे दिवे ही पूर्ण वेगळी, त्वचेला आणि डोळ्यांना अपायकारक चीज आहे. ती या कामाची नाही.

आता मांडणी. दिवा टेबलावर समोर, पण नाकासमोर नाही; थोडा उजवीकडे किंवा डावीकडे. वरची कडा डोळ्यांच्या पातळीच्या वर, तोंड किंचित खाली झुकवलेलं. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, मात्र डोळे उघडे हवेत आणि चेहरा त्या दिशेला. चहा प्या, पोहे खा, मेल वाचा. नेहमीचा चष्मा चालतो, रंगीत काचा नकोत. डोळे मिटून ध्यानाला बसलात तर तो वेळ यात धरू नका, कारण उपचार डोळ्यांतून होतो, कातडीतून नाही.

वेळ उठल्यापासून पहिल्या तासाभरातली. सकाळी ७ ला उठत असाल तर ७:१५ ते ७:४५. पहिले तीन दिवस १० मिनिटं, पुढचे तीन दिवस २०, मग पूर्ण ३०. शनिवार-रविवारीही तीच वेळ. सुट्टीच्या दिवशी ११ पर्यंत लोळलात तर घड्याळ पुन्हा मागे सरकतं आणि सोमवार-मंगळवार ते पुढे ओढण्यात जातात.

काय बिघडतं आणि का:

- डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, मळमळतं: दिवा फार जवळ आहे किंवा वेळ एकदम वाढवली. १० सेंटिमीटर मागे घ्या, वेळ अर्धी करा, आठवड्याने पुन्हा वाढवा.
- रात्री झोप येत नाही: दिवा दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी लावला जातोय. ऑफिसातून आल्यावर लावणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे; त्याने घड्याळ आणखी मागे जातं.
- पहाटे ४ लाच जाग येते: दिवा तुमच्यासाठी फार लवकर लागतोय. अर्ध्या तासाने पुढे ढकला.
- दोन आठवडे झाले तरी वहीतले आकडे हलत नाहीत: आधी अंतर मोजपट्टीने मोजा. ते बरोबर असेल तर वेळ ४५ मिनिटांपर्यंत नेऊन बघा. तरीही नाही, तर डॉक्टर.
- आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून दिवा बंद केला आणि मरगळ परतली: हे व्हायचंच. हा ताप नाही, पॅरासिटमॉलसारखं थांबता येत नाही. वसंतापर्यंत चालू ठेवावा लागतो.

दिवा सगळ्यांसाठी नाही. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, मधुमेहाचा परिणाम डोळ्यांवर झाला असेल तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नका. लिथियम, डॉक्सिसायक्लिन, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन ही औषधं प्रकाशाला संवेदनशील करतात. ती चालू असतील तर आधी विचारा. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांत कोणाला बायपोलर विकार असेल तर हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. दिव्याने मन उलट्या टोकाला जाऊ शकतं: चार तास झोपूनही अंगात उधाण, विचारांची घाई, भरमसाट खरेदी. असं दिसलं तर दिवा त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन.

दिव्याच्या पुराव्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत ९६ रुग्णांपैकी निम्म्यांना १०,००० लक्सचा दिवा आणि निम्म्यांना फ्लुओक्झेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं. दोन्ही गटांत ६७ टक्क्यांना गुण आला. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी नाइस ही संस्था मात्र पुरावा अनिश्चित मानते, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत दिवा सहसा मिळत नाही. स्वतःच विकत घ्यावा लागतो. अडचण अशी की गोळीची नक्कल करून खोटी गोळी देता येते, झगझगीत दिव्याची नक्कल करणं अवघड. तरी धोका कमी, खर्च एकदाच आणि निकाल दोन आठवड्यांत वहीवर. म्हणून करून पाहण्यासारखा उपाय आहे असं आमचं मत.

दिव्याच्या जोडीला पहाटेचा अलार्म-दिवा मिळतो. उठायच्या वेळेआधी ३० ते ९० मिनिटं तो हळूहळू उजळत जातो. अंधारात उठवतच नाही अशांना तो फार उपयोगी पडतो. पण त्याचा उजेड दोन-तीनशे लक्सचा. तो मोठ्या दिव्याची जागा घेत नाही.

बाहेरचा उजेड फुकट आहे, पण मुदतीचा

हिवाळ्यातल्या ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर काही हजार लक्स असतात, घरातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त. ‘ऊन नाहीच, मग बाहेर कशाला?’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. ऊन लागत नाही, आभाळ लागतं.

लंडनला डिसेंबरात सूर्य ८ च्या सुमारास उगवतो आणि ४ च्या आत मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. राहते फक्त दुपारची जेवणाची सुट्टी. डबा जागेवर १५ मिनिटांत संपवा आणि उरलेली ३० मिनिटं बाहेर चाला, टोपी कपाळावर ओढून नाही तर डोळे आभाळाला उघडे ठेवून. स्टॉकहोममध्ये हीच वेळ साडेअकरा ते एकच्या मध्ये धरा. तिथे तीनच्या आत सूर्य गेलेला असतो.

घरच्या फोनकडे या दृष्टीने एकदा बघायला हवं. आई-बाबा जेवणं आटोपून रात्री साडेआठ-नऊला फोन करतात. भारतातले रात्रीचे ९ म्हणजे हिवाळ्यातल्या लंडनचे दुपारचे साडेतीन, म्हणजे दिवसातला शेवटचा उजेड. शनिवार-रविवारी तो फोन पांघरुणात पडून घेतला जातो आणि सुट्टीचा दिवस उजेडाशिवाय संपतो. फोन तोच ठेवा, तो घ्या मात्र चालत, कानात इअरफोन घालून. टोरांटोत त्याच वेळी सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. त्याहून चांगला मुहूर्त नाही.

बर्फावर घसरण्याची भीती हे घरात बसण्याचं खरं कारण असतं, थंडी नाही. बुटांना बाहेरून चढवायच्या रबरी-लोखंडी दातांच्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या. सूर्यनमस्कार जरूर घाला, पण पडदे ओढलेल्या खोलीत घातलेले बारा नमस्कार व्यायाम देतात, उजेड नाही. नॉर्वेतल्या र्‍युकान गावाला दरीमुळे हिवाळाभर ऊनच मिळत नसे. त्यांनी २०१३ साली डोंगरावर तीन प्रचंड आरसे बसवून ऊन चौकात पाडलं. आपल्याला टेबल खिडकीपाशी सरकवायचंय, इतकंच.

संध्याकाळ आणि झोप

सकाळी उजेड वाढवायचा तसा रात्री कमी करायचा. ९ नंतर छताचे पांढरे दिवे बंद, कोपऱ्यात एक पिवळा दिवा. कॉफी दुपारी १२ नंतर नको, कारण तिचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनीही शरीरात असतो. दारूने झोप लागते पण तुटक लागते, आणि या ऋतूत ती एकट्याने घेण्याची सवय पटकन जडते.

झोप ८ तासांवर बांधा. १० तास झोपून ताजेपणा येत नाही, उलट सकाळचा उजेड हातचा जातो. आणि एक आपल्याकडचं दुखणं: भारतातली कसोटी साडेनऊला सुरू होते, म्हणजे लंडनला पहाटे ४. पाच दिवस त्या वेळेला उठलात की पुढचे दहा दिवस घड्याळ लावण्यात जातात. सकाळी दिव्यासमोर बसून उपाहारानंतरचा खेळ बघा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटन आणि युरोपात घड्याळ एक तास मागे जातं, अमेरिका-कॅनडात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. लंडनला शनिवारी पावणेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचलाच जातो; धक्का तिथे बसतो. पण सकाळ तेवढीच उजळते. त्या आठवड्यात ‘एक तास जास्त झोप’ घेण्याऐवजी तो तास बाहेर चालण्यात घाला. दिवाही याच आठवड्यात सुरू करा. डिसेंबरात पूर्ण बुडाल्यावर बाहेर यायला जास्त वेळ लागतो.

ताट आणि गोळ्या

गोडाची ओढ मोडून काढता येत नाही, वळवता येते. सकाळी दिव्यासमोर नुसता ब्रेड-जॅम खाल्ला की ११ ला पुन्हा बिस्किटं लागतात. ६० ग्रॅम मूगडाळ रात्री भिजवून केलेली दोन-तीन धिरडी सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं देतात. दोन अंडी जवळपास तेवढीच. दुपारी भाताबरोबर उसळ असू द्या. दिवाळीच्या फराळाचं पार्सल आलं तर रात्री टीव्हीसमोर डबा घेऊन बसू नका, दुपारी चार माणसांत उघडा.

ड जीवनसत्त्वाने हिवाळी नैराश्य बरं होतं असं ठामपणे म्हणता येत नाही. ते घ्यायचं हाडांसाठी आणि स्नायूंसाठी, कारण उत्तरेच्या हिवाळी उन्हात ते तयार होत नाही आणि सावळ्या त्वचेला एरवीही जास्त ऊन लागतं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घ्यावेत असा सल्ला आहे. सावळ्या-काळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर. इथे बॅगेतून आणलेल्या ६०,००० युनिटच्या पुड्यांचा प्रश्न येतो. एक पुडी म्हणजे त्या हिशेबाने १५० दिवसांचा खुराक. ती रक्ततपासणीत कमतरता निघाल्यावर, डॉक्टरांनी सांगितले तितकेच आठवडे घ्यायची असते. मित्राने सांगितलं म्हणून महिनोन्‌महिने घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढतं: मळमळ, सतत तहान, बद्धकोष्ठ, पुढे मूतखडे.

‘नैसर्गिक’ म्हणून दुकानात मिळणाऱ्या सेंट जॉन्स वॉर्ट या वनौषधीपासून सावध. ते नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर धोकादायक ठरतं, गर्भनिरोधक गोळी आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचा परिणाम कमी करतं. अश्वगंधाही थायरॉइडची औषधं चालू असताना किंवा गरोदरपणात मनाने घेऊ नये.

माणसं आणि ठरलेले बेत

मरगळलेलं मन म्हणतं, बरं वाटलं की जाऊ. हा क्रम उलटा करावा लागतो. जायचं, मग बरं वाटतं. आठवड्यातून दोन ठरलेल्या भेटी, शक्यतो पैसे आधी भरलेल्या: बॅडमिंटनचं कोर्ट, तबल्याचा वर्ग, पोहण्याचा तलाव. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर मोठ्या शहरांतही मंडळं आहेत. दिवाळी, नाताळची सुट्टी आणि संक्रांत या तीन थांब्यांवर बेत आखले की मधले कोरडे आठवडे कमी होतात. संक्रांतीला लंडनचा दिवस डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापेक्षा सुमारे २५ मिनिटांनी वाढलेला असतो, तेव्हा तिळगूळ वाटायला खरंच कारण असतं.

बोलण्याच्या उपचारांना कमी लेखू नका. व्हरमाँट विद्यापीठाच्या चाचणीत १७७ जणांना सहा आठवडे एकतर दिवा किंवा विचार-वर्तनाचे उपचार दिले. त्या हिवाळ्यात दोन्ही सारखेच लागू पडले. पण दोन हिवाळ्यांनंतर नैराश्य परतलं ते दिव्याच्या गटात ४५.६ टक्के, बोलण्याच्या गटात २७.३ टक्के लोकांत. एक कारण उघड आहे: दिवा कपाटातच राहतो, शिकलेली सवय सोबत येते.

इथे घरगुती उपाय थांबवा

दोन आठवडे अंथरुणातून उठणं, अंघोळ, जेवण, काम जमत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर दिवा-धिरडी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. औषध घेणं म्हणजे हार नव्हे. दिवा आणि गोळी एकत्रही चालतात. तातडीच्या वेळी ब्रिटनमध्ये १११ लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडा (इंग्लंड-वेल्समध्ये २), नुसतं कोणाशी बोलायचं असेल तर समॅरिटन्स ११६ १२३. जिवाला धोका असेल तर ९९९. अमेरिका आणि कॅनडात ९८८, युरोपात ११२. भारतात असाल तर टेलिमानस १४४१६, मराठीतही बोलतात.

दिवा कधी आवरायचा

वहीत सलग दोन आठवडे मन ७ च्या वर आणि गजराआधी जाग, असं दिसायला लागलं की ३० ची २० मिनिटं करा, आठवड्याने १०, मग बंद. आकडे घसरले तर एक पायरी मागे. यात मार्चचं घड्याळ आडवं येतं. कॅनडा-अमेरिकेत दुसऱ्या रविवारी, युरोपात शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि उजळलेली सकाळ पुन्हा काळोखी होते. टोरांटोत तर सूर्योदय एका रात्रीत साडेसहावरून साडेसातवर जातो. नेमक्या त्याच आठवड्यात लोक दिवा खोक्यात भरतात. तो बदल होऊन दहा दिवस उलटेपर्यंत दिवा टेबलावरच राहू द्या, आणि खोक्यात भरताना खोक्यावर सप्टेंबरच्या तपासणीची तारीख लिहून ठेवा.